दाब, दोन, तीन

आमच्या बावणकर मॅडमना त्या टॅबमधून एकच गोष्ट मिळणार होती: नागपूर. नवरा नागपुरात, मुलगी नागपुरात दहावीला, नवऱ्याला खिचडीपलीकडे काही रांधता येत नाही आणि मुलगी रोज फोनवर तेच सांगून रडते, अशी सगळी मांडणी होती. तालुक्याच्या आमच्या नर्सिंग शाळेत प्राचार्य म्हणून त्या कंटाळल्या होत्या. पुण्याच्या एका संस्थेनं टॅबवरचा अभ्यासक्रम दिला होता. तो ज्या शाळेत आधी पूर्ण होईल, तिथल्या प्राचार्यांना नागपूरच्या प्रशिक्षण केंद्रात घेऊ, असं कुणी मोठा माणूस चहा पिता पिता बोलून गेला होता. कागदावर काही नव्हतं. पण मॅडम त्या एका कप चहावर वर्षभर जगत होत्या.

"देवतळे, आज तक्ता काय म्हणतो?" त्या दिवशीही आल्या आल्या त्यांनी तेच विचारलं.

देवतळे म्हणजे मी, ज्योत्स्ना देवतळे, शाळेची लिपिक. टॅब चार्ज करायचे, वाटायचे, मोजून परत घ्यायचे आणि कुणाचा कोणता धडा किती टक्के झाला ते संगणकावर बघायचं, ही कामं माझ्याकडे. धडा पूर्ण झाला की मुलीच्या नावापुढचा चौकोन हिरवा व्हायचा. मला नववा महिना सरत आला होता. खुर्ची मागे सरकवून सरकवून मी आता जवळजवळ दारात बसत होते.

"सगळा हिरवा आहे मॅडम. एकटी घोडाम राहिली. 'बाळ न रडल्यास' हा धडा बाकी आहे तिचा."

"मग आज दुपारी बसवा तिला. परवा पाहुणे येऊन राहिले. एक चौकोन पांढरा दिसला तर संस्थेचे केदार सर विचारतीलच." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही माहेरी कधी जाणार?"

"पाहुणे गेले की."

"शाबास."

माझं बाळंतपणसुद्धा त्यांनी पाहुण्यांच्या मागे रांगेत उभं केलं होतं. मीही करू दिलं. परवापर्यंत थांबले तर पुढची लांब रजा विनातक्रार मिळेल, असा माझा सौदा होता. तारखेला अजून दोन आठवडे होते.

आता टॅबचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

टॅब होते मोजके, पोरी जास्त. नेट फक्त माझ्या शेजारच्या खोलीत यायचं. पोरींना सकाळी वॉर्डात ड्यूटी, संध्याकाळी होस्टेलचं फाटक बंद. राहिली जेवणाची सुट्टी. त्यात धडे सांगणारी बाई अशी निवांत बोलायची की जणू पोटभर जेवून झोपाळ्यावर बसली आहे. पोरींनी तिला 'पुण्याची मावशी' असं नाव ठेवलं होतं. मग कुणाला तरी व्हिडिओचा वेग दुप्पट करायचं बटण सापडलं. त्या दिवसापासून आमच्या शाळेत धडा कुणी पाहिला नाही, पळवला. "माझा पळवून झाला", "तू पळवला का गं?" हीच भाषा. तक्त्याला काय, शेवटपर्यंत गेला की चौकोन हिरवा.

सराव करायला संस्थेनं रबराचं एक बाळही दिलं होतं, फुंकर मारली की छाती वर येणारं. पण ते महागाचं. आपल्याकडे महागाची वस्तू पाहुणे येईपर्यंत प्लास्टिकच्या वेष्टनात असते. मॅडमनी ते कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली होती. पोरी उशीवर सराव करायच्या. एकीच्या हातात अंबू बॅग, म्हणजे तोंडावर मास्क लावून हवा देण्याची ती रबरी पिशवी, आणि बाकीच्या मावशीबरोबर एका सुरात: दाब, दोन, तीन, दाब, दोन, तीन. दाबताना हवा आत, दोन-तीन म्हणेपर्यंत बाहेर. भिंतीपलीकडून मला ते रोज ऐकू यायचं. पळवलेली मावशी उंदरासारखी चिरकायची आणि तिच्या मागे पोरीही.

त्या दुपारी तृप्ती घोडामला घेऊन मयूरी आडे आली. तक्त्यात सगळ्यांच्या वर नाव असलेली ही पोरगी. दिग्रसकडच्या तांड्यावरची, बोलायला मिरची.

"ताई, हिला मी बसवते. दोन घासात संपवतो आम्ही."

"नीट बघू दे तिला."

"नीट बघायले गेलं तर मावशी संध्याकाळपर्यंत एकच बाळ रडवते ताई!" ती हसली. "तुम्ही बिनघोर राहा. तुमच्या बाळाच्या वेळेस मीच असीन. माझी लेबर रूमलेच ड्यूटी हाय."

"माझं बाळ वर्धेला होणार आहे. माहेरी."

"वर्धेच्या पोरी का आमच्याहून हुशार हायेत?"

पलीकडे धडा सुरू झाला. दाबदोनतीन, दाबदोनतीन. घोडामचा चौकोन हिरवा झालेला बघायला मी संगणकाकडे वळले आणि खुर्ची ओली झाली.

मी खाली बघितलं. पाणी लादीवरून दाराकडे चाललं होतं. मला पहिला विचार आला तो वर्धेच्या गाडीचा. दुसरा विचार करायला कळेनं वेळच दिला नाही.

शाळा आणि ग्रामीण रुग्णालय यांच्यामध्ये एकच अंगण. मयूरी आणि तृप्तीनं मला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेले होते. लेबर रूममध्ये लोणारे सिस्टर एकट्या. जाड भिंगाचा चष्मा, तोंडात कायम लवंग, आणि अख्खी हयात बाळंतपणं करण्यात घालवलेली बाई. त्यांनी तृप्तीला माझ्या सासूबाईंना आणायला पिटाळलं आणि मला तपासलं.

"वर्धा गिर्धा विसर आता. हे इथंच होते."

पुढचे तास मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. सासूबाईंचा दाराबाहेरचा आवाज. मयूरीचा हात, मी तो इतका आवळला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. सिस्टरची लवंग. आणि सिस्टरच्या चेहऱ्यात झालेला एक बदल. त्या बाळाच्या ठोक्यांना कान लावून बसल्या होत्या. त्यांनी लवंग चघळणं थांबवलं.

बाई गप्प झाली की समजावं. मी त्या रुग्णालयाच्या शेजारी सहा वर्षं नोकरी केली होती. ओरडणाऱ्या सिस्टरची भीती वाटत नाही. गप्प झालेल्या सिस्टरची वाटते.

"जोर लाव आता. थांबू नको. सगळा लाव."

लावला. मग अंगातून एकदम सगळं निसटल्यासारखं झालं आणि हलकं वाटलं. आता आवाज येईल म्हणून मी कान दिले.

आवाज आला नाही.

कात्री वाजली. फडक्याची सळसळ झाली. सिस्टर म्हणाल्या, "पूस. पाठ चोळ." मयूरी म्हणाली, "चोळते." सिस्टर म्हणाल्या, "जोरात." मग पुन्हा काही नाही.

"काय झालं? मुलगा आहे का मुलगी?" मी विचारलं. मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. कुणीतरी काहीतरी बोलावं एवढंच हवं होतं.

दाराबाहेरून सासूबाई ओरडल्या, "अवं, पोट्टं रडत कावून नाई?"

सिस्टर बाळाकडे जायला वळल्या आणि थबकल्या. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांच्या बाजूला बघितलं. मला खालून गरम काही वाहतंय हे जाणवत होतं. ते किती आहे ते सिस्टरच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी दोन्ही हात माझ्या पोटावर रोवले.

"मयूरी, मले इथून हलता येत नाई. तू घे त्याले. अंबू लाव. तुझा तो बाळाचा धडा झाला ना?"

"झाला सिस्टर."

"पक्का?"

"शंभर टक्के."

बाळाचं टेबल माझ्या डोक्यामागे होतं. मान कितीही वळवली तरी मयूरीचा खांदा आणि भिंतीवरचा पाल्यासारखा हिरवा रंग, एवढंच दिसत होतं. खांदा हलायला लागला. मग तिचा आवाज आला.

दाबदोनतीन. दाबदोनतीन. दाबदोनतीन.

खरं सांगते, आधी मला धीर आला. ओळखीचा आवाज होता. रोज भिंतीपलीकडून येणारा. काहीतरी चाललंय, कुणालातरी काहीतरी येतंय.

"छाती उठते का?" सिस्टर.

"नाही सिस्टर."

"मास्क नीट बसव. मान थोडी वर कर. आता?"

"नाही उठत." दाबदोनतीन. दाबदोनतीन. "निळं पडून रायलं सिस्टर."

"हात थांबवू नको. कर."

ती करत होती. पोरगी जिवाच्या आकांतानं करत होती. आणि मी तिथे पडल्या पडल्या ऐकत होते. आणि तेव्हाच मला कळलं की हा आवाज ओळखीचा का आहे. हा भिंतीपलीकडचाच होता. अगदी तोच. उंदरासारखा.

मूळ मावशी मी एकदाच ऐकली होती, उद्घाटनाच्या दिवशी, केदार सरांनी पाहुण्यांसमोर लावली तेव्हा. तहसीलदारांना डुलकी लागली होती. ती बाई "दाब" म्हणायची, आणि मग "दोन" म्हणायला येईपर्यंत आपण चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवावा. पिशवी पूर्ण दाबली जायची, पूर्ण फुगायची. पाहुण्यांसाठी प्लास्टिकमधून काढलेल्या त्या रबरी बाळाची छाती पोळी फुगावी तशी वर यायची आणि बसायची. आत गेलेली हवा बाहेर यायला वेळ लागतो. मयूरी तो वेळच देत नव्हती. तिला तो माहीतच नव्हता.

"मयूरी, हळू!"

"देवतळेताई, पडून राहा." सिस्टरचा हात माझ्या पोटात आणखी रुतला.

"मयूरी! मावशीसारखं कर!"

"ताई, तेच तं करून रायली मी!" ती रडत होती.

"ते पळवलेलं आहे! पळवलेलं नको. साधं कर. मावशी साधं कसं म्हणते तसं!"

खांदा एक क्षण थांबला. तो क्षण मी आजही मोजू शकत नाही.

"मी ते कधी ऐकलंच नाही ताई," मयूरी म्हणाली.

मला जे भय वाटलं, ते मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. रक्ताचं नाही. खोलीत तीन बाया होत्या. एकीला माझं पोट सोडता येत नव्हतं. एकीच्या हातात माझं बाळ होतं आणि तिला चुकीचं पाठ होतं. उरले मी. आणि माझ्याकडे एका डुलकी आणणाऱ्या बाईचा आवाज, एकदाच ऐकलेला.

"माझ्यामागून म्हण," मी म्हणाले. "मी म्हणीन तेव्हाच दाब. दाब..."

आणि थांबले.

हे सांगायला सोपं आहे. छातीत ठोके असे धावत होते की कानात ढोल वाजत होते, आणि तोंडानं मात्र जेवून बसलेल्या बाईसारखं बोलायचं होतं. जीभ पुढे पळायला बघायची. मागे पोर निळं पडतंय आणि इथे मी सावकाश, एक एक शब्द, पाटावर बसून सांगावं तसा. प्रत्येक दोन शब्दांच्या मधे मला वाटायचं, यातच गेलं. यातच गेलं.

"दोन... तीन... दाब..."

"दाब," मयूरी.

"दोन... तीन..."

"घाई करू नको," सिस्टर म्हणाल्या. त्यांना उमगलं होतं. "ती म्हणते तसंच."

"दाब... दोन... तीन..."

दारावर थापा पडत होत्या. सासूबाई कुठल्या कुठल्या देवांना हाका मारत होत्या. मी त्यांच्या हाकांच्या लयीत जाऊ नये म्हणून डोळे मिटून घेतले.

"सिस्टर," मयूरी म्हणाली, "उठली. छाती उठली."

"चालू ठेव."

"दाब... दोन... तीन..."

मग दार करकरलं. मला राग आला, की सासूबाईंनी दार उघडलं वाटतं, आणि मी ओरडणार होते. पण दार बंदच होतं. पुन्हा तोच करकर आवाज, माझ्या डोक्यामागून. मग मोठा. मग चिडलेला.

सिस्टरनी लवंग पुन्हा चघळायला घेतली.

मयूरी मात्र थांबेना. बाळ रडत होतं, हातपाय झाडत होतं, आणि ती मास्क हवेत धरून म्हणतच होती, दाब, दोन, तीन. माझं रक्त आटोक्यात आल्यावर सिस्टरनी जाऊन तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "सोड बाई. आता त्याचं तो घेते." तरी तिचे ओठ हलत राहिले.

मुलगा होता. ओजस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम वॉर्डात आल्या. माझ्यासाठी डिंकाचे लाडू, बाळासाठी झबलं, आणि चेहऱ्यावर आख्खं नागपूर.

"देवतळे, आपल्या धड्यानं बाळ वाचवलं! केदार सर तर फोनवर नाचून राहिले. पाहुण्यांसमोर मयूरी करून दाखवेल, तुम्ही बाळ घेऊन खुर्चीत बसा. फक्त दहा मिनिटं."

"मॅडम, धड्यानं नाही..."

"लाडू खा तुम्ही. अंगात रक्त नाही तुमच्या."

हॉलमध्ये पाहुणे होते, हार होते, केदार सरांचा कॅमेरा होता. मॅडमनी रबरी बाळाचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं काढलं आणि नीट घडी घालून बाजूला ठेवलं, परत घालायला. मयूरी पुढे आली. तिनं मास्क लावला, पिशवी दाबली आणि सावकाश म्हणायला लागली. रबरी छाती वर आली, बसली. वर आली, बसली. इतकं सुरेख मी पुढे कुणाचं बघितलं नाही. टाळ्या झाल्या.

"वा!" केदार सर कॅमेऱ्यामागून म्हणाले. "आता मयूरी, इकडे बघ आणि आपल्या शब्दांत सांग, हे तुला धड्यातून कसं शिकता आलं?"

मयूरीनं कॅमेऱ्याकडे बघितलं.

"धड्यातून नाही शिकले सर. धडा आम्ही सगळ्यांनी पळवून पाहिला. म्हणजे दुप्पट. ताईंच्या बाळाले मी तसंच करत होती. ते निळं होऊन रायलं होतं तरी मी तसंच करत होती. ताईंनी सांगितलं म्हणून."

हॉलमध्ये ओजस तेवढा कुरकुरला. मॅडम प्लास्टिकची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घालत होत्या. मागच्या रांगेतल्या पोरींचे चेहरे बघण्यासारखे होते. प्रत्येकीला आपला चौकोन पांढरा होताना दिसत होता.

"फारच प्रांजळ," केदार सर म्हणाले. "आपण हे सूचना म्हणून नोंदवून घेऊ हं." आणि कॅमेरा बंद केला.

सूचना घेतलीही. पुढच्या वर्षीच्या टॅबमधून ते बटण काढलं. आमच्या पोरींचे चौकोन मात्र हिरवेच राहिले, कारण ते पांढरे करायचे तर पाहुण्यांना काय सांगणार? होस्टेलात मयूरीशी कुणी बोलेना. "तुले गप राहायला काय झालं होतं वं?" असं तृप्तीनं तिला माझ्यासमोर विचारलं. महिन्याभरानं मयूरी "घरी जाऊन येते" म्हणून गेली आणि परत आली नाही. मी फोन केले. उचलले नाहीत.

नऊ वर्षांनी ती मला दारव्ह्यात दिसली. बाजारपेठेत पिको-फॉलचं छोटं दुकान, त्यात मशीनवर. मी साडी टाकायला गेले होते, ओजस बरोबर होता. तिनं मला आधी ओळखलं.

"ताई! बारीक झाल्या."

"आणि तू आमचा फोन उचलत नाहीस."

हसली. मिरची तशीच होती, थोडी वाळलेली. मग तिची नजर ओजसकडे गेली. लोक मुलाचा चेहरा बघतात, कुणासारखा दिसतो ते. ती त्याच्या शर्टाच्या गुंड्यांकडे बघत होती. छातीकडे. ओजस अवघडून माझ्यामागे सरकला.

"सायकल चालवतो. शाळेत दुसरा येतो. मारामाऱ्याही करतो," मी म्हणाले. "तू वाचवलंस त्याला. मग का सोडलंस?"

तिनं मशीनखालची साडी पुढे सरकवली.

"ताई, तुम्ही ऐकलं होतं, म्हणून ओरडल्या."

"ओरडले ना पण."

"तुमच्या नंतर माझ्या हातात तीन बाया आल्या. तिन्ही पोरं आपोआप रडली. पण ती रडेपर्यंत मी काय विचार करत होती सांगू? मले आणखी काय काय पळवलेलं पाठ हाय? धडे तं सगळेच पळवले होते. रक्ताचा, झटक्याचा, सगळे. कोणता चूक हाय ते मले कसं कळावं? अन् त्या बाईले कसं कळावं, कुठं ओरडायचं ते?" तिनं पायानं मशीन चालू केली, लगेच थांबवली. "बाकीच्या पोरींले असं नाई वाटलं. मले वाटलं."

मी साडी तिथेच ठेवून आले. तिनं चहा पाजला, ओजसला चॉकलेट दिलं, आणि आम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहिली.

एस.टी.त बसल्यावर मी सगळ्यांची बेरीज करून बघितली, सवय आहे. बावणकर मॅडमना नागपूर मिळालं, मुलगी डॉक्टर होते आहे म्हणतात. केदार सरांना पुढचे जिल्हे मिळाले. लोणारे सिस्टरना निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली. मला ओजस मिळाला. त्या वर्षीच्या सगळ्या पोरींना नोकऱ्या लागल्या. तृप्ती आज एका उपकेंद्रात महिन्याकाठी कितीतरी बाळंतपणं करते. आणि त्या अख्ख्या वर्षातली एकच पोरगी, जिला ते खरोखर येत होतं, ती दारव्ह्यात साड्यांना फॉल लावते.